नव्या पाण्याचा वास

“सांडू, अरे पाण्याला आज मासळीचा वास येतोय.”

दत्तोपंत फाटकाशी उभे होते. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातानं उपरण्याचं टोक नाकाला. सांडू रस्त्याच्या कडेला वाकून व्हॉल्वची लोखंडी चावी फिरवत होता. गल्लीगल्लीत पाणी सोडायचं हे त्याचं पालिकेतलं काम. लोक त्याला लाइनमन म्हणायचे, आणि पाणी उशिरा आलं की आणखीही बरंच काही म्हणायचे. त्यानं चावी तशीच उभी सोडली, हात पँटीला पुसले आणि फाटकाशी जाऊन ओंजळ धरली. दत्तोपंतांनी तांब्या उंच करून वरून धार सोडली. माणूस सज्जन होता. दिवाळीला फराळाचं ताट बाहेर आणून द्यायचा, पोरांच्या शाळेची चौकशी करायचा. पण पाणी देताना हात आपोआप उंच व्हायचा, आणि हे त्याचं त्यालाही ठाऊक नसावं. सांडूनं ओंजळ नाकाशी नेली आणि तो तिथंच थिजला.

मासळी कुठली? भिजलेल्या काळ्या मातीचा वास होता तो. त्यात कुजलेला बाभूळपाला, खेकड्यांच्या बिळातली ऊब, आणि सगळ्यांच्या तळाशी एक हिरवट कडू वास, उन्हाळाभर तापलेल्या दगडावर पहिली लाट चढली की येतो तसा. शहरात पावसाचा टिपूस नव्हता. आभाळ पितळेसारखं कोरडं होतं. पण तिकडं वर नाशकाकडं कोसळला असणार, गंगेला, म्हणजे गोदावरीला, नवं पाणी आलं असणार, गढूळ लोट येऊन जायकवाडीच्या नाथसागरात शिरला असणार, आणि त्यातला एक घोट नळातून, औषधं मारूनही न मरता, दत्तोपंतांच्या पितळी तांब्यात येऊन बसला होता. सांडूला पाण्यात पडल्यासारखं झालं. पोहायला शिकवताना बाप पाठीमागून ढकलायचा तेव्हा व्हायचं तसं.

“आहे ना वास?”

“हाय.”

“डिपार्टमेंटला कळव. सोवळ्याचं पाणी आहे, अंबिकेच्या नैवेद्याला लागतं. उद्यापासून असं चालायचं नाही.”

“व्हय काका. कळवतो.”

कुणाला कळवतो? गंगेला? तो परत चावीपाशी आला, दोन्ही हातांनी तिला मिठी मारल्यासारखी धरून उरलेले वेढे फिरवायला लागला, आणि खाली, डांबराखाली, पाणी धडधडत पुढं निघाल्याचं त्याच्या तळहातांना कळलं. हे पाणी कुठून येतं हे शहरात सगळ्यांना माहीत होतं, म्हणजे माहीत नव्हतं. जायकवाडीचं पाणी, एवढं म्हणायचं आणि बादली भरायची. त्या पाण्याच्या तळाशी सावरटोक आहे. महादेवाचं देऊळ आहे, भोयांची आळी आहे, होड्यांना डांबर द्यायचा खडक आहे, सांडूच्या घराचा दगडी उंबरा आहे. हे सगळं ओलांडून पाणी पंपात शिरतं, चितेगावच्या अंगानं रस्त्याला धरून चढत येतं आणि त्याच्याच हातून लोकांच्या हौदात पडतं. धरणग्रस्ताचा दाखला दाखवून मिळालेली नोकरी होती ही. गाव बुडवलं त्या पाण्याची चावी त्याच्या हातात दिली होती; असली थट्टा करायला सरकारचं डोकं लागतं. गाव उठलं तेव्हा कुणब्यांच्या जमिनी मोजल्या, विहिरी मोजल्या, आंब्याची झाडंसुद्धा मोजली. भोयांची गंगा कुणी मोजली नाही. गंगेचा सातबारा नसतो. आमच्या कुळाचं सगळं पाण्यावर लिहिलेलं, हे बाप हसत सांगायचा, आणि ते ऐकून सांडूला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटायचं.

आता त्या बापाला जाऊन वर्ष होत आलं होतं. आणि हा वास आजच यायचा होता. परवाच आत्याचा पोरगा बद्रीनाथ गावाकडून येऊन गेला. पुनर्वसनातल्या नव्या सावरटोकाहून, पत्र्याच्या घरांच्या त्या रांगांमधून. खाटेवर मांडी घालून त्यानं चहा बशीत ओतला, फुर्रकन ओढला आणि सांगितलं, “मायनं निरोप धाडलाय. ऐतवारी ये. जाळं घिऊन ये. मामाचं वर्ष भरायला आलं.”

“आन् नाय आलो तर?”

“तर काय. शिसं काढून वाटून घेतील. रीत हाय ती. तुझ्यावर राग म्हणून नाय, सांडूभाऊ.” बशी खाली ठेवून तो थोडा थांबला. “मायचा राग हाय, ते येगळं.”

रीत अशी होती. भोयाचं फेकजाळं नवं विणलं की त्याच्या घेराला शिशाचे मणी ओवायचे, आणि आळीतल्या प्रत्येक घरानं आपल्या जुन्या जाळ्यातला एक मणी त्यात द्यायचा. तो ओवायच्या आधी घरच्या बाईनं तळहातावर धरून माणसाचं नाव घ्यायचं. म्हणजे कुणीही एकट्यानं जाळं फेकलं तरी घेराला अख्खी आळी लोंबकळत असायची, जिवंत आणि मेलेली. माणूस गेला की त्याचं जाळं वर्षाच्या आत त्याच्या रक्ताच्या माणसानं ओलं करायचं, त्याच्याच ठावावर, एका फेकीनं. ठाव म्हणजे गंगेतली त्या घराची जागा. कुळवाड्याचं शेत असतं तशी, फक्त बांध नसलेली. आषाढात नवं पाणी आलं की मासळी पोटुशी असते, तेव्हा सगळी जाळी महिनाभर वळचणीला टांगलेली असतात, कुणी एक खवलाही मारत नाही. मेलेल्याच्या जाळ्याला तेवढी सूट, आणि त्यात जे येईल ते परत सोडायचं. वर्षात कुणी जाळं ओलं केलं नाही तर मणी सोडवून घरोघर परत द्यायचे, सूत गंगेत सोडायचं. त्या घराचं गंगेतलं नाव मिटलं. मग कुणी भांडत नाही, वाळीत टाकत नाही, जेवायला बसवतात, पाहुण्यासारखं. पाहुण्यासारखं बसवतात, हेच. लग्नात वडाच्या पारावर नवरदेवाच्या शेजारी बसवून ताटात जास्तीचं तूप वाढतील, आणि होडी ढकलायची वेळ आली की म्हणतील, तुम्ही ऱ्हाऊ द्या, कपडे खराब व्हतील. सांडूला ते तूप आत्ताच नको झालं. ऐतवारला तीन दिवस राहिले होते आणि त्यानं बद्रीनाथला हो म्हटलं नव्हतं, नाही म्हटलं नव्हतं. बघतो, म्हणाला होता. शहरात आल्यापासून हा शब्द त्याच्या तोंडात फार बसला होता.

घरी गेल्यावर अंघोळही न करता त्यानं माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. झाकण उघडलं आणि डोळ्यांना झोंबेल असा वास अंगावर आला. सरकारी दवाखान्याचा, मुतारीचा, वाण्याच्या दुकानातल्या कपाटाचा. बापाचं जाळं बायकोच्या, द्वारकाच्या, लग्नातल्या शालूखाली चौकोनी घडी घालून ठेवलं होतं, मधे जुनं धोतर, आणि घडीघडीत पांढऱ्या डांबरगोळ्या.

“ह्या गोळ्या कुणी टाकल्या?”

द्वारका चुलीवरची भाकरी उलथत होती. “मीच. कसर लागंल म्हणून. तुमच्या बाचं येवढंच तर हाय घरात.”

“जाळं पेटीत ठेवतात व्हय? आन् त्यात ह्ये?”

“मंग कुठं ठेवायचं? खुंटीला टांगलं व्हतं तर घरमालकीण म्हणली, काय बाई कोळिष्टक लावलंय. शालूसंगं ठेवलं मी. शालूपरीस माझ्याकडं काय हाय दुसरं?”

त्याला ओरडायचं होतं, पण काय ओरडणार? द्वारका सिल्लोडकडची. तिच्या माहेरची भोयांची घरं दोन पिढ्यांपूर्वीच पाणी सोडून कापसाच्या जिनिंगवर लागलेली. जाळ्याला वारा लागतो, जाळं श्वास घेतं, त्याला साबण लागू द्यायचा नाही, अत्तर नाही, उदबत्तीसुद्धा नाही, कारण परका वास माशाला दहा हातांवरून कळतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं त्यानं. आणि त्यानं वर्षभर पेटी उघडलीच नव्हती. तिनं आपल्या परीनं देव्हाऱ्यात ठेवावं तसं ठेवलं होतं. त्यानं घडी मोडली. सुताचं, बाभळीच्या सालीत उकळून उकळून विटकरी झालेलं जाळं, जागोजाग बापाच्या हातची सांधणी. नायलॉन आलं तरी बापानं हे सोडलं नाही. म्हणायचा, प्लास्टिक पाण्याला ओळखत नाय. सांडूनं तोंड खुपसलं. बाप नव्हता तिथं. बापाच्या जागी डांबरगोळी.

आणि तेव्हा त्याला, कशाचा कशाला संबंध नसताना, दत्तोपंतांचं उपरणं आठवलं. नाकाला लावलेलं टोक. हे जाळं पूर्वी कसं घाणायचं, ते बापानंच किती रंगवून सांगितलं होतं! पोलीस ॲक्शनच्या आधीचं साल. अल्याड निजामाचं राज, पल्याड नगर जिल्हा, मधे गंगा. रझाकारांच्या धास्तीनं घरंच्या घरं पल्याड पळत होती. घाटावर नाका बसलेला, रात्री पाण्यावर काही हललं की बंदूक. मग बाप भर दुपारी माणसं न्यायचा. होडीच्या तळाशी माणूस आडवा घालायचा आणि वर ओली जाळी रचायची, खवल्यांची, चिकट, उन्हात आंबलेली. नाक्यावरचे शिपाई होडीत डोकावायचे आणि नाक धरून मागं सरायचे. हात घालायची हिंमत कुणाची व्हायची नाही. आमच्या घाणीनं किती जीव वाचवले म्हणून सांगू, असं म्हणून बाप मांडीवर थाप मारायचा. सगळ्यात गाजलेली गोष्ट एका बामणाच्या पोराची. कोवळा, चष्मा लावलेला, कधी मासळीला हात न लागलेला. होडी नाक्यापाशी थांबली आणि जाळ्याखाली तो पोरगा ओकला. आवाज आला. शिपायानं मान वळवली. बापानं क्षणात घशात दोन बोटं घातली आणि होडीच्या कडेवरून स्वतः भडाभडा ओकला, डोळ्यांत पाणी येईस्तोवर, आतडी पिळवटेस्तोवर. “साला भोई, सबेरेसे पीके बैठा,” म्हणून शिपाई पोट धरून हसला आणि होडी सुटली. पल्याड उतरल्यावर तो पोरगा जो धावत सुटला तो मागं वळलाच नाही. “नाव तरी विचारायचं व्हतं बा,” लहानगा सांडू म्हणायचा. “त्यानं माझं कुठं इचारलं?” बाप म्हणायचा. रागानं नाही. हसून. त्या हसण्याचाच सांडूला राग. एवढं मोठं काम करून असं कुणी हसतं का?

दर सप्टेंबरात मुक्तिसंग्राम दिनाला शाळेच्या पटांगणावर झेंडा चढायचा तेव्हा दत्तोपंत खादीची टोपी घालून भाषण करायचे. त्या दिवशी सांडूची तिथं ड्यूटी असायची. शाळेची टाकी भरून द्यायची. मागं उभा राहून तो ऐकायचा. “आम्ही गंगा ओलांडली,” असं एक वाक्य त्या भाषणात दरवर्षी यायचं. आम्ही ओलांडली. जणू चालत गेले. त्या वाक्यात होडी होती की नव्हती कळायचं नाही, वल्हं मारणारा तर नव्हताच. चष्मा मात्र होता, दत्तोपंतांच्या डोळ्यांवर, जाड भिंगाचा. गंगेला होड्या काय थोड्या होत्या? चष्मेवाले काय थोडे पळाले? सांडूनं कधी विचारलं नाही. विचारून हो निघालं असतं तर काय करायचं, हे त्याला ठरवता आलं नव्हतं, आणि नाही निघालं असतं तर बापाची गोष्ट उगाच एका गल्लीनं लहान झाली असती. म्हणून तो टाकी भरायचा, चावी खांद्यावर टाकायचा आणि निघायचा.

“जाणार का ऐतवारी?” द्वारकानं भाकरी पुढं ठेवत विचारलं.

“ह्या वासाचं जाळं घिऊन कुठं जाऊ? आत्या हाणील.”

“हाणू द्या की. बाप नाय तर आत्यानं तरी हाणावं. माझ्या माहेरी हाणायलाबी कुणी उरलं नाय. पाण्यावरचं कायबी ठावं नाय आम्हाला.” तिनं एकेक डांबरगोळी वेचून पदरात घेतली, मग दारात जाऊन पदर गटारीवर झटकला. चिकटलेली भुकटीसुद्धा तिनं नखानं खरवडून काढली हे सांडूनं पाहिलं, आणि बघतो हा शब्द त्याच्या तोंडातून कायमचा गेला.

ऐतवारी तो पैठणच्या गाडीत बसला, जाळं पोत्यात, पोतं मांडीवर. चितेगाव मागं पडलं. रस्त्याकडेनं कुठं कुठं पाण्याचा जाडजूड नळ वर दिसत होता, मधेच मातीत बुडत होता, पुन्हा वर येत होता, अजगरानं कूस बदलावी तसा. तो शहराकडं चालला होता, सांडू उलटा. आपण दहा वर्षं ह्या नळाच्या शेपटीला धरून बसलो, असं त्याला वाटलं, आणि डोकं आहे तिकडं आज पहिल्यांदा चाललोय. मग बिडकीन, मग गावाचा फाटा, मग पायी. टेकाड ओलांडलं आणि नाथसागर दिसला. गढूळ, तांबूस, पलीकडचा काठ नसलेला. त्यानं पाण्याला नेहमीसारख्या मनातल्या मनात शिव्या द्यायला सुरुवात केली आणि अर्ध्यात त्याचा सूर हरवला, कारण वाऱ्यावर तो वास होता, नळातला नव्हे, अख्खा, मालकासारखा समोर उभा.

दगडाआत्या काठावर पालथ्या होडीवर बसली होती. बारीक, काळी, नाकात मोठी नथ, हिरवं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. नवरा त्याच गंगेत गेला तेव्हा बद्रीनाथ पाळण्यात होता; तरी तिनं नथ उतरवली नाही, हिरवंही सोडलं नाही. तेव्हापासून तिनं वल्हं हातातून खाली ठेवलं नव्हतं. बायकांनी होडी हाकू नये असं म्हणणारे आळीत होते, पण ते तिच्यासमोर म्हणत नसत. तिनं सांडूला बघितलं, उठली नाही. पोतं ओढून घेतलं, जाळं बाहेर काढलं, हुंगलं. सांडूनं मान खाली घातली.

“अगं बया!” ती ओरडली. “अगं, इकडं या गं समद्या! लग्नाला घिऊन चाललाय ह्यो जाळं, अत्तर लावून आणलंय!”

आळीतल्या बाया धावल्या, एकेकीनं हुंगलं, एकेकीनं नाक मुरडलं. “माशाला पडसं झालं असंल तरच गावंल,” साळूबाई म्हणाली, आणि त्या अशा हसल्या की काठावरचे बगळे उडाले. सांडूच्या कानाच्या पाळ्या तापल्या. “द्वारकीनं टाकल्या गोळ्या,” तो पुटपुटला, “कसर लागंल म्हणून. शालूसंगं ठेवलं व्हतं.” हसणं जरा थांबलं. आत्यानं त्याच्याकडं पाहिलं. “शालूसंगं?” तिनं विचारलं. “व्हय.” तिनं जाळं काठाच्या चिखलात फेकलं, लुगडं आणखी वर खोचलं आणि पायांनी तुडवायला लागली. मग साळूबाई, मग बाकीच्या. गाळ, शेवाळ, मेलेले शिंपले, नव्या पाण्याबरोबर आलेला कचरा, सगळं त्या जाळ्यात मळत होत्या, पुरणाची कणीक मळावी तशा. सांडूही पँट वर करून उतरला. पायांच्या बोटांमधून गार चिखल वर आला आणि त्याला एकाएकी रडायला येईल की काय अशी भीती वाटली. शहरात त्याला पायाखालची जागा कधी अशी धरून ठेवत नसे.

मग आत्यानं जाळं धुऊन घेतलं आणि घेराचे मणी बोटांनी मोजल्यासारखे पुढं सरकवले. “ह्यो तुझ्या आज्याचा. ह्यो साळूच्या सासऱ्याचा. ह्यो माझ्या घरधन्याचा,” तिनं तो मणी जरा जास्त वेळ धरला. “जर तू ओलं केलं नसतंस ना, तर ह्यो मी परत घेणार व्हते. दोन दिस झोप नाय मला. घिऊन ठेवू कुठं?”

होडीत तिघं होती. आत्या वल्ह्याला, बद्रीनाथ पुढं, सांडू मधे जाळं खांद्यावर. आत्या पाण्याकडं बघतच नव्हती. ती लांबच्या टेकडीचं टोक आणि काठावरचा एकुलता एक सुबाभूळ असं काहीतरी डोळ्यांनी जुळवत होती. मग वल्हं थांबवून म्हणाली, “हितं.” चारी बाजूंनी सारखंच तांबडं पाणी. पण ती म्हणाली म्हणजे इथंच. खाली तीस हातांवर बापाचा ठाव होता, चिंचेच्या वळणावरचा डोह. बुडालेल्या गावाची प्रत्येक जागा हे लोक अजून पाण्यावरून दाखवत होते, नव्या पोरांना शिकवत होते, ही चावडी, इथं महादेव, हितं हळू बोल, हितं आपलं मसणवट. सांडूनं शहरात बुडालं बुडालं म्हणून दहा वर्षं दात खाल्ले होते. ह्यांनी ते बुडू दिलंच नव्हतं. त्याला त्या बारक्या काळ्या बाईच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं आणि त्यानं तसं काही केलं नाही, दोरी मनगटाला बांधली.

फेक चुकली. दहा वर्षांत हात विसरला होता. जाळं छत्रीसारखं उघडायचं ते ओल्या गोधडीसारखं पडलं. पण पडलं. शिसं खाली निघालं, दोरी सरसरत गेली, आणि मग मधेच थांबली. त्यानं ओढलं. हललं नाही. बद्रीनाथनं हात लावला. तरी नाही.

“अडकलं,” बद्रीनाथ म्हणाला. “चिंचच असंल. ह्या साली दोन जाळी खाल्ली तिनं. कापून टाक, सांडूभाऊ. ओलं झालं, रीत झाली.”

सांडूनं आत्याकडं पाहिलं. ती टेकडीकडं बघत होती. कापू नको म्हणाली नाही. नथ मात्र हलत होती. तिच्या नवऱ्याचा मणी खाली होता.

सांडूनं शर्ट काढला आणि दोरी धरून पाण्यात गेला.

वर ऊन, आणि हातभर खाली काळोख. डोळे उघडून उपयोग नव्हता. छाती दाबली जात होती, कानांत घण पडत होते, दोरी तेवढी खरी होती. हातावर हात टाकत तो खाली गेला. शहराचं अंग, नळाचं, चहाचं. ते वर चल वर चल म्हणून ओरडत होतं. मग हाताला फांदी लागली. गुळगुळीत, साल गेलेली, शेवाळली. चिंच. हिच्याच बुंध्याला बाप जाळी वाळत घालायचा आणि हिच्याखाली बसून सांगायचा, त्यानं माझं कुठं इचारलं. सांडूची बोटं फांदीवरून सरकत गेली, सूत सापडलं, मणी सापडले, एक, आणखी एक, जणू कुणीतरी अंधारात ओळीनं बसलेलं. त्यानं दोन्ही पाय बुंध्याला टेकले आणि सूत फांदीवरून उलटं सोडवायला लागला, ओढायचं नाही, सोडवायचं, बाप शिकवायचा तसं, घाई न करता, छाती फुटत असताना घाई न करता. कुठंतरी सूत तुटल्याचं कळलं. मग सगळं एकदम हलकं झालं.

वर आला तेव्हा त्याला आवाज फुटत नव्हता. बद्रीनाथनं बगलेत धरून वर घेतलं. जाळं मागून आलं, हातभर भोक पडलेलं, त्यात एक मरळ आणि चिखलाचा गोळा. मरळीचं पोट टम्म फुगलेलं. आत्यानं तिला दोन्ही हातांत धरून जपून कडेवरून सोडलं, “जा बाय, तुझ्या घरी,” म्हणाली. मग घाईघाईनं घेरावरून बोटं फिरवली. तिचा मणी होता. तिनं तो तोंडात धरला, लहान पोर धरतं तसा, आणि तशीच वल्हं मारत काठाला आली. भोक काठावर बसून सगळ्या बायांनी सांधलं. सांडूनं मागितलं तेव्हा शेवटच्या चार गाठी त्याला दिल्या. “वाकड्या हायत,” साळूबाई म्हणाली. “ऱ्हाऊ दे,” आत्या म्हणाली. “त्याच्या त्याला ओळखू येतील.”

परतीच्या गाडीत लोक सरकून बसले. कंडक्टर म्हणाला, पोतं टपावर टाका, वास मारतंय. “मारतंय तर मारू दे,” सांडू म्हणाला, आणि मांडीवरचं पोतं आणखी जवळ घेतलं. पाणी झिरपून त्याची पँट भिजली. घरी द्वारकानं दोरी बांधून जाळं अंगणातच टांगलं, घरमालकिणीच्या खिडकीसमोर, आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली, बोला काय बोलायचं ते अशी.

पाण्याची पाळी पहाटेची, अंघोळ नंतरची. सोमवारी तो तसाच कामावर गेला. चावी लावली आणि वाकला.

“सांडू, कळवलंस का रे? आजही आहेच वास. उलट जास्त.” दत्तोपंत फाटकाशी, उपरणं नाकाला.

“पाण्याचा नाय काका त्यो,” सांडू म्हणाला. “माझा हाय.”

त्याला वाटलं होतं म्हातारा आत जाईल. दत्तोपंत गेले नाहीत. त्यांनी उपरणं खाली घेतलं. फाटकाची कडी काढून ते रस्त्यावर आले, अनवाणी, आणि चावी धरलेल्या त्याच्या हातांवर वाकले. एकदा वास घेतला. जाड भिंगांमागं त्यांचे डोळे एकदम कोवळे झाले, आणि त्यांचा हात तोंडावर गेला, घट्ट, आतून काही येऊ पाहतंय ते दाबायला जातो तसा.

“ओलं जाळं,” ते बोटांआडून म्हणाले. मग हात खाली घेऊन, “तुझं गाव कुठलं रे?”

दहा वर्षांत पहिल्यांदा.

“सावरटोक. आता पाण्याखाली हाय. तुमच्या तांब्यात येतं.”

“तिथं घाटावर एक भोई होता,” दत्तोपंत म्हणाले. सप्टेंबरातला आवाज नव्हता तो. “नाक्यावर शिपाई होता, आणि त्यानं... माझ्यासाठी त्यानं ओकायचं सोंग केलं.”

“सोंग नव्हतं काका. बोटं घातली व्हती घशात. दोन दिस गिळता येत नव्हतं त्याला.”

गल्ली जागी होत होती. समोरच्या घरातून कुणीतरी ओरडलं, सांडू, पाणी सोड की रे, किती वेळ! त्यानं तिकडं बघितलं नाही. त्याला राग यायला हवा होता, इतकी वर्षं साठवलेला. तो शोधत होता आणि तो सापडत नव्हता, त्या जागी बापाचं हसणं होतं, मांडीवर थाप मारून केलेलं.

“नाव काय होतं त्याचं?” दत्तोपंतांनी विचारलं.

सांडूनं चावीवरचे हात काढले. सरळ उभा राहिला. मणी ओवताना बाया नाव घेतात तसं, गल्लीच्या शेवटच्या घरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं सांगितलं.

“भिवसन. भिवसन लक्षा लिंबोरे, भोई, सावरटोक.”

आणि मग पाणी सोडलं.